शेतातली पहिली आंघोळ

ऑक्टोबरचं ऊन ओसरलं की नाशिकला एक सकाळ अशी येते, की नळाखाली धरलेला हात आपण चटकन मागे घेतो. कालपर्यंत कोमट येणारं पाणी एका रात्रीत चावरं झालेलं असतं. गच्चीवर गेलं तर पांडवलेणीच्या डोंगराला धुक्याची पातळ पट्टी बांधलेली दिसते. खाली शाळेच्या रिक्षा येऊन थांबतात, पण त्यातून उतरणारी मुलं रोजच्यासारखी दमलेली नसतात. सहामाहीचा शेवटचा पेपर झालेला असतो. दप्तरं जिन्यात आपटली जातात आणि अख्ख्या गल्लीचा आवाज वाढतो.

आज ती सकाळ आली. आणि दर वर्षी होतं तेच झालं. एक हुरहूर दाटून आली, लवकर आवर, कुठंतरी पोचायचंय, अशी घाई करणारी. घरात घाई करण्यासारखं काही नव्हतं. मुग्धा शिकायला बाहेरगावी आहे, ती धनत्रयोदशीला येईल. गरम पाण्याचीही काळजी नाही, आमच्या इंदिरानगरात आता गच्चीगच्चीवर सोलरच्या काळ्या पेट्या आडव्या पडल्यात, तोटी फिरवली की वाफाळतं पाणी. तरी या सकाळी माझ्या नाकाला धुराचा वास येतो. बाभळीच्या लाकडाचा धूर, दवात भिजलेला झेंडू आणि उटणं, तिन्ही एकत्र. तो वास एकाच दिवाळीचा आहे.

मुग्धा तेव्हा पाचवीत होती. नव्वदचं दशक संपत आलेलं. इंदिरानगर अर्धं वसाहत आणि अर्धं शेत होतं. आमच्या बाल्कनीतून बघितलं तर एक इमारत, मग मेथीचे वाफे, मग पायासाठी खणलेला खड्डा, मग लगेच झेंडूचं पिवळंधमक रान. सकाळी एकीकडे सिमेंट कालवायचं मशीन घरघरायचं आणि दुसरीकडे विहिरीवरची मोटर. आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टला जात. मी घरीच असे, आणि शनिवारी दुपारी सोसायटीतली मुलं जमवून त्यांना गोष्टी सांगत असे. मुलं मला काकू म्हणत. माझी स्वतःची मुलगीसुद्धा त्या तासाला, इतरांचं ऐकून, कधीकधी मला काकू म्हणून जाई आणि मग जीभ चावे.

त्या सहामाहीनंतर शाळेनं सुट्टीचा अभ्यास दिला: गरजू लोकांसाठी एक चांगलं काम करा आणि त्यावर दहा ओळी लिहा. मुलं हा अभ्यास घेऊन माझ्याकडे आली, कारण तो एकदाचा उरकला की किल्ला करायला मोकळं होता येणार होतं. काय करायचं याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. जुने कपडे द्यायचे. दोन दिवस मुलं जिने चढत-उतरत राहिली आणि आमच्या पुढच्या खोलीत कपड्यांचा हा एवढा ढीग झाला. साड्या, शर्ट, आखूड झालेले स्वेटर. ऋचा नावाची मुग्धाची मैत्रीण होती, चष्मा लावणारी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. ती ढिगावर बसून म्हणाली, आता हे कुणाला द्यायचं ते तुम्ही सांगा.

आमच्या मुख्य रस्त्याला भाजीबाजाराची पत्र्याची लांब शेड होती. सकाळ-संध्याकाळ तिथं भाजी विकली जाई, आणि भाजीवाले उठले की ज्यांना घर नव्हतं ती माणसं तिथं पथारी टाकत. आम्ही सगळे रोज तिथून भाजी आणत होतो, त्यामुळे ती माणसं आम्हाला ओळखीची होती आणि तितकीच अनोळखीही. पेठ तालुक्याकडचं एक जोडपं होतं, सोनू आणि जनी. आमच्या मागची इमारत बांधायला ते आले होते. ती बांधून होईपर्यंत तिच्याच तळमजल्यावर राहिले, आणि फरशी बसली तसे मुलंबाळं घेऊन शेडखाली आले. आणखी काही मजूर, एक पायानं अधू माणूस. आणि सरजाबाई.

सरजाबाई नांदगावकडच्या. उंच, काटक, डोक्यावरचा पदर कधीही न ढळणाऱ्या. नवरा गेल्यावर भाऊबंदांनी घर ताब्यात घेतलं आणि या बाहेर पडल्या, एवढंच लोकांना माहीत होतं. बाजारात पडलेला पालापाचोळा झाडून त्या कोपऱ्यात लावत, मग कुणी भाजीवाला त्यांना काही देई. कुणापुढे हात पसरताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

आम्ही एका दुपारी कपडे घेऊन गेलो. सरजाबाईंनी सोनूच्या लेकरांना होतील ते स्वेटर काढून दिले, स्वतःसाठी एक साडी ठेवली आणि बाकीचं बोचकं नीट बांधून परत माझ्यापुढे सारलं. म्हणाल्या, एवढं ठेवायचं कुठं. मुलं जरा हिरमुसली. दहा ओळींचं काम तर झालं होतं, पण फार लवकर झालं होतं. निघता निघता ऋचानं विचारलं, "आजी, दिवाळीची पहिली आंघोळ तुम्ही कुठं करता?"

मला वाटलं, या मुलीला हळूच मागे ओढावं. पण सरजाबाईंनी सरळ सांगितलं. पुरुष माणसं बाजाराच्या नळावर अंगावर पाणी घेतात. बायका अंधार असताना उठून नाल्यापलीकडे जातात, डबाभर पाण्यात काय होईल ते करतात. "आडोसाच नाय ना, पोरी. दिवाळी आसो नायतर शिमगा, आमाला येकच."

परत येताना मुलं शेडपासून आमच्या फाटकापर्यंत रेंगाळत आली. पहिली आंघोळ म्हणजे त्यांच्या लेखी दिवाळीच होती. आई तेल लावते, उटणं डोळ्यांत जातं, बाहेर पहिला फटाका वाजतो आणि आपण ओल्या केसांनी धावत सुटतो. ती नसलेली माणसं असू शकतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. फाटकाशी पोचल्यावर मुग्धा थांबली आणि म्हणाली, मग आपण आडोसा करू. त्यासरशी सगळी एकदम बोलायला लागली. पाणी कुठलं, तापवायचं कशात, उटणं किती लागेल, साबण नवा हवा, वापरलेला चालणार नाही. किल्ल्याचं नाव त्यानंतर त्या सुट्टीत कुणी काढलं नाही.

लहान मुलांना एखादी गोष्ट करायचीच असली की ती ज्या वेगानं लोकांच्या दारांवर थापा मारतात, तो वेग मोठ्यांना झेपत नाही. मी चहाचं आधण ठेवलं तेवढ्यात मुग्धा आणि ऋचा पुंडलिकदादांच्या रानात पोचल्यासुद्धा. पुंडलिकदादा म्हणजे आमच्या बाल्कनीसमोरच्या झेंडूचे मालक. तीन पिढ्या तिथंच फुलं आणि भाजी करणारे. दिवाळीत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. मी मुलींच्या मागोमाग धावत गेले, ती माफी मागायच्या तयारीनं. दादा पाट्या भरत होते. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "ताई, हिरीला पानी हाय, रान बी मोकळं हाय. फकस्त पोरान्ला सांगा, कोथिंबिरीच्या वाफ्यात पाय द्यायचा नाय." मग मुलींना म्हणाले, टोमॅटोचे बांबू पडलेत, पत्रे पडलेत, काय घ्यायचं ते घ्या.

पुढचे दिवस आठवले की मला अजूनही एका जागी बसवत नाही. टोमॅटोच्या वेलांना आधार देतात ते बांबू मुलांनी खांद्यावर वाहून आणले, पुढं एक, मागं एक. सोनू संध्याकाळी कामावरून आला की खड्डे घेई आणि बांबू रोवून देई. त्याला सगळ्याच गोष्टीचं हसू येई, ज्या माणसानं आमच्या मोठमोठ्या इमारती उभ्या केल्या तो आता आपल्याच आंघोळीची खोली बांधत होता, आणि हाताखाली पाचवीतले गवंडी. विहिरीच्या एका अंगाला बायकांचा पत्र्याचा आडोसा झाला, दुसऱ्या अंगाला पुरुषांचा. परत आलेल्या बोचक्यातल्या साड्या दारांना पडदे म्हणून लागल्या. सांडपाणी झेंडूच्या सरीत जावं म्हणून सोनूच्या लेकरांनी खुरप्यानं चर काढला, आणि आमच्या मुलांनी तो पाण्यानं भरून कागदी होड्या सोडून तपासला.

मग बंब. गॅस आणि कॉइल आल्यापासून घरोघरचे तांब्याचे बंब माळ्यावर जाऊन बसले होते. मुलांनी आयांच्या मागे लागून ते खाली काढले. चिंच आणि मीठ लावून घासायला आमचा जिना भरून गेला. काळाठिक्कर पडलेला बंब घासता घासता मधूनच लाललाल चकाकायला लागे, की मुलं ओरडून सगळ्यांना बघायला बोलवत. एका बंबाची तोटी गळत होती, ती ह्यांनी शिफ्टवरून आल्यावर डाग देऊन बंद केली. शेजारच्या बायका जिन्यातून जाताना थबकत, मग पदर खोचून बसत. उटणं चाळायला कुणी तरी परात आणली. चाळणीतून पडणाऱ्या त्या पिवळसर भुकटीनं सगळी मुलं शिंकत होती.

आमच्या सोसायटीचे चेअरमन चव्हाणसाहेब यांना हे पसंत नव्हतं. ते वाईट माणूस नव्हते. सोसायटीची पाण्याची टाकी, दिवे, सगळं त्यांनीच धावपळ करून मिळवलेलं. पण त्यांनी मला गाठून सांगितलं, आज आंघोळ घालाल, उद्या तिथं झोपड्या होतील, परवा आपल्या मुलांना बाहेर खेळायला जागा उरणार नाही. मी म्हटलं, जागा पुंडलिकदादांची आहे, त्यांनी दिली. त्यावर ते म्हणाले, जागा त्यांची असेल, मुलं आमची आहेत. त्यांनी त्यांच्या अमेयला यायला बंदी केली. आणखी दोन-तीन घरांतली मुलंही कमी झाली. अमेय रोज दुपारी बाल्कनीत उभा राहून आमचे बंब बघत असे.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण खरा धक्का पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी बसला.

उद्या पहाटे चला, असं सांगायला मुलं शेडपाशी गेली, मी सोबत होते. सोनू, जनी, बाकीचे मजूर तयार होतेच. सरजाबाई मात्र नाही म्हणाल्या. मुलांना वाटलं, थंडीमुळे. ऋचा सांगायला लागली, पाणी अगदी कढत असेल, आजी. सरजाबाईंनी पुन्हा नकाराची मान हलवली. मुलं पुढं गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

नांदगाव सोडल्यावर त्या एकट्या नव्हत्या, त्यांची विधवा धाकटी बहीण सोबत होती. दुसऱ्या एका गावात दोघी देवळाबाहेर झोपत. एक दिवस गाडी आली, माणसं उतरली. आंघोळ घालतो, जेवायला देतो, चला म्हणाली. सरजाबाई पाणी भरायला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा गाडी सुटत होती आणि बहीण आत बसलेली दिसली. कुठं नेलं, कोणी नेलं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. "आंघूळ घालतो म्हन्ले व्हते," त्या म्हणाल्या. "तवापासून कुनी आंघुळीचं नाव काढलं का माज्या अंगाला कापरं भरतं. तुमी भल्या घरच्या. पन मला नका बोलावू."

मी विश्वास ठेवा म्हणणार होते, पण गाडीतल्या माणसांनीही तेच म्हटलं असणार. मी घरी आले आणि मुलांना जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. आजींना पूर्वी काही लोकांनी आंघोळीचं सांगून फसवलं होतं, म्हणून त्या येणार नाहीत. मला वाटलं मुलं हळहळतील आणि कामाला लागतील. ऋचा चष्मा पुसत म्हणाली, पण आपण कुठं त्यांना आंघोळ घालतोय, आपण तर आंघोळ करायला जागा केली. आणि मुग्धा म्हणाली, "मग आपण सगळेच तिथं करू या ना. आपली पहिली आंघोळ."

क्षणभर माझ्यातली आई, गृहिणी, सणावाराची शिस्त असलेली बाई, सगळी एकदम नको म्हणाली. पहिली आंघोळ आणि रानात? पाट, रांगोळी, औक्षण, हे सगळं घरात मांडायचं असतं. पण मुलं माझ्याकडे बघत होती, आणि त्यांचं म्हणणं इतकं सरळ होतं की त्यातून वाट काढून पळता येईना. आम्ही परत शेडपाशी गेलो. मुग्धानं सरजाबाईंना सांगितलं की उद्या आम्ही सगळे तिथंच आंघोळ करणार आहोत, आमच्या आयासुद्धा.

सरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी बी?"

"मी पण," मी म्हटलं.

त्या हो म्हणाल्या नाहीत. नाही असंही म्हणाल्या नाहीत.

त्या पहाटेबद्दल मी किती वेळा बोलले असेन, तरी ती पुरत नाही. आम्ही निघालो तेव्हा पूर्वेला उजेडाची चाहूलही नव्हती. मुलांच्या डोक्याला कानटोप्या, गळ्यात टॉवेल, हातात तेलाच्या वाट्या. पायाखालची माती इतकी गार की चपलेतून कळ येत होती. आणि रानाच्या कडेला पोचलो तर पुंडलिकदादांनी आमच्याआधीच बंब पेटवले होते. अंधारात ते एका रांगेत धगधगत होते, प्रत्येकाच्या पोटात लाल निखारा, वरून धूर. झेंडू अर्धा तोडून झालेला, अर्धा उभा, त्यावर दव. मुलं धावत सुटली. कोथिंबिरीच्या वाफ्याला मात्र प्रत्येकानं वळसा घातला.

सोनूची लेकरं पहिली. मग मुलांच्या बाजूला एकच गोंधळ. कुणाच्या डोळ्यात उटणं, कुणी साबणावरून घसरलं, सोनू बादलीमागून बादली आणतोय आणि हसतोय. आमची मुलं कुठली आणि शेडखालची कुठली हे वाफेत कळत नव्हतं. तेवढ्यात बांधावरून अमेय धावत येताना दिसला आणि त्याच्या मागे चव्हाणसाहेब, एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात तेलाची वाटी. अमेयनं घरी आंघोळ करायला साफ नकार दिला होता. आणि नरकचतुर्दशीला सूर्य उगवायच्या आत आंघोळ झाली नाही तर नरकात जावं लागतं, हे साहेबांनीच त्याला दर वर्षी बजावलेलं. आता पूर्व उजळत चालली होती आणि घाबरले होते ते साहेब. अमेय पडद्याआड शिरला. साहेब वाटी धरून बाहेर उभे राहिले. मग सोनूनं त्यांच्या हातात रिकामी बादली दिली आणि बंबाकडे बोट दाखवलं, आणि ते निमूटपणे पाणी काढायला वाकले.

सरजाबाई आल्या त्या सगळ्यात शेवटी. शेडमधून एकट्याच, अंगाभोवती साडी घट्ट लपेटून. विहिरीपासून लांब, रस्ता दिसेल अशा जागी त्या बसल्या. कुणी त्यांना बोलावलं नाही, मी मुलांना तसं आधीच सांगितलं होतं. त्या नुसत्या बघत होत्या. एकदा एक टेम्पो रस्त्यानं गेला, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या आणि तो दिसेनासा झाल्यावर परत बसल्या.

मग माझी पाळी आली. मी पडदा सारून आत गेले. चार पत्रे, मध्ये सपाट दगड, एक बादली, आणि वर उघडं आकाश. शेवटची चांदणी अजून होती. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि माझ्या तोंडून आवाजच निघाला, हसण्याचा की शहारण्याचा, मला माहीत नाही. अंगातून वाफ निघून वर जात होती आणि मी ती जाताना बघत होते. पत्र्यापलीकडे मुलं ओरडत होती. लग्न होऊन आल्यापासून कित्येक दिवाळ्या मी सगळ्यांचं आवरून, घाईघाईनं, उरल्यासुरल्या पाण्यानं आंघोळ केली होती. त्या दिवशी मला कसलीच घाई नव्हती. दहा वर्षांची असल्यासारखं वाटत होतं.

मध्येच पडद्याबाहेर पावलं वाजली आणि खणखणीत आवाज आला, "बायामान्सं हायेत आत. गडीमान्सांनी हिकडं फिरकू नका." सरजाबाई उठून येऊन पडद्याशी पहाऱ्याला उभ्या राहिल्या होत्या.

मी साडी नेसून बाहेर आले. त्या माझ्या ओल्या केसांकडे, चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या. जनीनं बादली भरून आत सरकवली. थोडा वेळ नुसताच पाण्याचा आवाज. मग आतून हाक आली.

"ये गं, पाठ चोळून दे."

कालपर्यंत त्या मला तुमी म्हणत होत्या. मी आत गेले. हातात उटणं घेऊन त्यांच्या पाठीवरून फिरवलं. पाठ ताठ होती, एखाद्या फळीसारखी. हळूहळू ती सैल होत गेली. त्या म्हणाल्या, त्या आणि त्यांची बहीण एकमेकींची पाठ अशीच चोळत. मी तांब्यामागून तांब्या ओतत राहिले आणि पाणी चरातून झेंडूकडे जात राहिलं.

बाहेर आल्यावर मुलांनी त्यांना पाटावर बसवलं. मुग्धानं ताम्हनात दिवा लावला होता, तो वाऱ्यानं सारखा विझत होता, म्हणून सगळी मुलं गोल करून वारा अडवायला उभी राहिली. ओवाळून झाल्यावर सरजाबाईंनी तेलाची वाटी मागून घेतली. म्हणाल्या, कुनाच्या टाळूला तेल नाय नीट. आणि त्यांनी एकेकाला समोर बसवून, आंघोळ झालेल्या मुलांच्या डोक्यांना पुन्हा तेल थापलं. अमेयच्यासुद्धा. चव्हाणसाहेबांनी आपल्या हातातली वाटीही पुढं केली.

सुट्टी संपल्यावर मुग्धानं दहा ओळी लिहिल्या. आम्ही शेतात आंघोळ केली, पाणी खूप गरम होते, आमचा बंब सर्वांत जास्त चमकत होता, खूप मजा आली. शाळेतून वही परत आली तेव्हा खाली शेरा होता, यात सेवा कुठे आहे? मुग्धा खट्टू झाली. मला मात्र तो शेरा फार आवडला. मुलांना सेवा शिकवायची म्हणून आपण त्यांच्या हातात पिशवी देतो आणि देताना चेहरा कसा ठेवायचा तेही शिकवतो. या मुलांनी मजाच केली होती, फक्त ती करताना सगळ्यांना सामावून घेतलं होतं. ते त्यांना लिहिता आलं नाही, कारण त्यांना त्यात वेगळं काही वाटलंच नव्हतं.

तो आडोसा दिवाळीनंतर निघाला नाही. पुंडलिकदादांनी पत्रे तसेच ठेवले, जनी आणि शेडखालच्या इतर बायका रोज पहाटे तिथं येऊ लागल्या. नाशिकची थंडी कडक पडली तेव्हा रविवारी आमची मुलं सरपण गोळा करून बंब पेटवायला जात. झोपड्या काही झाल्या नाहीत. सोनूला पुढं दुसरीकडे मोठं काम मिळालं, राहायला खोलीसकट, तेव्हा तो सगळ्या मुलांचा निरोप घेऊन गेला. अमेय परवा भेटला, आता मिशा आल्यात त्याला. बहिणीचा शोध आम्ही घेतला, ह्यांनी ठिकठिकाणी चौकशा केल्या, पण ती सापडली नाही. हे लिहिताना मी थांबते, कारण या आनंदाच्या दिवसांत ती एक जागा तशीच रिकामी आहे.

रानही आता राहिलेलं नाही. पुंडलिकदादांनी गावाच्या आणखी बाहेर जमीन घेतली, आणि इथं उभ्या राहिलेल्या इमारतीच्या गच्चीवर सोलर आहे. माझ्या बाल्कनीतून आता तिची मागची बाजू दिसते, वाळत घातलेले कपडे दिसतात. मला त्याचं दुःख फारसं होत नाही. ही गार पाण्याची सकाळ आली की रान आपोआप तिथं येतं, बंबांच्या रांगेसकट. आणि मग मन तिथंही थांबत नाही, ते त्याच्या पुढच्या वर्षीच्या दिवाळीवर जाऊन पोचतं.

त्या उन्हाळ्यात सरजाबाई पुंडलिकदादांकडे फुलं तोडायला आणि हार ओवायला जाऊ लागल्या होत्या. पावसाळ्यात शेड गळायला लागली तेव्हा दादांनी त्यांना विहिरीजवळची मोटरीची खोली साफ करून घ्यायला सांगितलं. मोटर बाहेर काढून तिच्यावर वेगळं छप्पर घातलं. खोली एवढीशी, एक खिडकी, एक दार. दिवाळीच्या आदल्या दिवशी सरजाबाई आमच्या सोसायटीत आल्या. पहिल्यांदाच. जिना चढून प्रत्येक दाराशी गेल्या आणि आतल्या बाईला सांगून आल्या की यंदा पोरांची पहिली आंघोळ माझ्याकडं. चव्हाणसाहेबांच्या दाराशीही गेल्या.

पहाटे आम्ही निघालो. मुलं एका वर्षानं उंच झाली होती, पण धावणं तेच होतं. झेंडूतून पळत ती माझ्या कितीतरी पुढं गेली. मोटरीच्या खोलीपुढं अंगण सारवलेलं होतं, शेणाचा ओला वास येत होता. रांगोळी आणायची राहिली असावी, म्हणून त्यांनी झेंडूच्या पाकळ्यांची नक्षी मांडली होती. दारात पणती. आत चूल पेटलेली. आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, एक हात चौकटीवर ठेवून सरजाबाई उभ्या होत्या. मी त्यांना शेडखाली पाहिलं होतं, रस्त्यावर पाहिलं होतं, रानात पाहिलं होतं. दारात उभं कधी पाहिलं नव्हतं.

मुलं धावत धावत आत घुसणार, तेवढ्यात त्यांनी हात आडवा केला.

"चपला भाईर काढा," त्या म्हणाल्या. "घर हाय."